एक तारखेची पोटगी

प्रिय हॉटेलवाली,

रागावू नकोस. एकोणीस वर्षं माझ्या घरात तुझं हेच नाव आहे, आणि या पत्रात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तुझं खरं नाव मला ठाऊक आहे, कोर्टाच्या कागदांवर वाचलंय. पण ते मी कधी तोंडाने उच्चारलेलं नाही. आज एकदम लिहिलं तर दुसऱ्याच कुणाला पत्र लिहितेय असं वाटेल. 'अहो-जाहो' करत नाही, कारण तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेस आणि आपण दोघींनी एकाच माणसाचे मोजे धुतले आहेत. एवढ्यावर 'तू' म्हणायचा हक्क मिळायला हरकत नसावी.

तुला वाटेल, ही बाई अर्जावरून भांडायला आली. अर्ज मिळाला मला, साडेतीन महिने झाले. 'अर्जदार सेवानिवृत्त झाले असून त्यांचे उत्पन्न निम्म्याहून कमी झाले आहे, सबब सामनेवालीस देण्यात येणारी पोटगी कमी करण्यात यावी.' चौदा वर्षं संसार केला त्या माणसाशी, आणि मी कोण, तर सामनेवाली. हसू आलं. अर्जासोबत घरखर्चाची यादी होती, ती तुझ्या हातची. सुवाच्य, एका रेषेत, हॉटेलच्या नोंदवहीत पाहुण्यांची नावं लिहावीत तशी. रक्तदाबाच्या गोळ्या, घराचा हप्ता, तुझ्या आईची औषधं, चपला दुरुस्ती. ती यादी मी तीनदा वाचली, कुठे उधळपट्टी सापडते का म्हणून. सापडली नाही, आणि त्याचाही राग आला. चपला दुरुस्त करून वापरणाऱ्या बाईशी नीट भांडता तरी येतं का?

माझंही सांगते, म्हणजे तुला माझी बाजू कळेल. मी पडदे शिवते, हे लेकीकडून ऐकलं असशील. दोन दुकानं मला काम देतात. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, घरी आणून अस्तर लावायचं, चुण्या पाडायच्या, हुकांची पट्टी शिवायची. पूर्वी एका दिवसात एका दिवाणखान्याचे पडदे व्हायचे. आता उजव्या अंगठ्याचा सांधा सुजतो, जाड कापड मशीनखाली सरकवताना डोळ्यांत पाणी येतं, आणि दुकानदार तयार पडद्यांचे गठ्ठे दाखवून म्हणतो, काकू, लोकांना आता हेच लागतं. घर माझ्या नावावर आहे, तेवढं त्याने सोडताना केलं. पण वीज, औषधं, किराणा हे सगळं त्या पोटगीवर चालतं. त्यामुळे कागद हातात आल्यावर मी थेट वकीलबाईकडे गेले. तरुण आहे, लेकीच्याच वयाची, बोलायला कात्रीसारखी. अर्ज वाचून तिने पहिलाच प्रश्न विचारला, माणूस वयोमानाने निवृत्त झालाय की आपणहून? मला माहीत नव्हतं. तिने शोधून काढलं. आठ महिने नोकरी शिल्लक असताना त्याने स्वतःहून राजीनामा दिलाय. ती खूश झाली. म्हणाली, काकू, आपल्या मर्जीने घरी बसणाऱ्याला कोर्ट सहजासहजी सवलत देत नाही, हा अर्ज आपण उडवून लावू.

तो घरी का बसला हे तुला तरी माहीत आहे का? तुला त्याने काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे मला. कंटाळा आला, गुडघे दुखतात, असंच काहीतरी. खरं काय ते पुढे लिहिते. आधी एक तारखेचं सांगायला हवं.

निकालानंतरची पहिली चार वर्षं पोटगी हातात मिळायची, हे तुला आठवत असेलच. निकालात तसंच लिहिलं होतं, दर महिन्याच्या एक तारखेला रोख, सहीनिशी. एक तारखेला अकरा वाजता तो यायचा. तीन जिने चढून. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं घर, आणि इमारतीला लिफ्ट नाही, यावरून आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षी किती हसलो होतो! दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट आणि एक छोटी निळी वही. मी त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. वही दाराच्या चौकटीला टेकवून सही करायची, पाकीट घ्यायचं, दार लावायचं. दार लावल्यावर मात्र त्याची पावलं खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी तिथेच उभी असायची. मग तू बँकेचं केलंस. एक तारखेला पैसे आपोआप माझ्या खात्यात. लेक म्हणाली, किती सोयीचं झालं. मी तुला त्या दिवशी इतक्या शिव्या घातल्या, की विचारू नकोस. नवरा नेलास, आणि महिन्यातून एकदा त्याच्या तोंडावर दार लावायचं सुखही नेलंस, असं वाटलं होतं.

आता पंधरा वर्षांनी, अर्ज मिळाल्यानंतरच्या पहिल्याच एक तारखेला, सकाळी अकराला बेल वाजली. दार उघडलं तर तो. केस पांढरे, खांदे उतरलेले, पण दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट. हातात पाकीट आणि तीच निळी वही, कडा झिजलेली. बँकेत पैसे सकाळीच जमा झाले होते, मोबाईलवर संदेश आला होता. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, एक तारीख ना आज. वही पुढे केली. मी शेवटची सही पंधरा वर्षांपूर्वी केली होती, त्याच्या खालचीच रिकामी ओळ त्याने बोटाने दाखवली. मला वाटलं, टोमणा मारतोय. नाहीतर मन खात असेल, अर्ज तुझ्या हट्टाने केला आणि आता तुझ्या पाठीमागे मला चार पैसे आणून देतोय. खरं सांगू, या दुसऱ्या विचाराने मला गुदगुल्या झाल्या. सही केली, पाकीट घेतलं. आत रक्कम होती ती पंधरा वर्षांपूर्वीची, आजच्या मानाने किरकोळ. तेव्हाही मला काही कळलं नाही. माणसाला हवं तेच दिसतं.

पुढच्या एक तारखेला पुन्हा आला. सही झाल्यावर गेला नाही, माझ्या खांद्यावरून आत डोकावला आणि म्हणाला, पोरगी अजून शाळेतून आली नाही का? आपली लेक एकतीस वर्षांची आहे गं. दुसऱ्या शहरात नोकरी करते, तिच्या लग्नात तो आणि तू पहिल्या रांगेत बसला होतात आणि मी तिसऱ्या, कारण मला तुझ्या शेजारी बसायचं नव्हतं. मी म्हटलं, येईल इतक्यात. का म्हटलं, मला माहीत नाही. त्याने मान हलवली आणि समाधानाने जिना उतरला. मी वरून बघत होते. पहिल्या मजल्यावर तो थांबला आणि वर जावं की खाली हे ठरवता न आल्यासारखा कठडा धरून बराच वेळ उभा राहिला.

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुला नाही, लेकीला नाही, वकीलबाईला नाही.

तिसऱ्या खेपेला तो चौकटीत थांबलाच नाही. चपला काढल्या, सरळ आत आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मी मशीनवर होते, सगळ्या खोलीभर कुणाचे तरी हिरवे पडदे पसरलेले. त्याने पाय उचलून ते न तुडवता ओलांडले, पूर्वी ओलांडायचा तसे. संसारात मी त्याला 'अहो' म्हणायची, निकालाच्या दिवसापासून 'तो'. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, अहो, चहा टाकू का? चहा प्यायला. कपाटाचं दार लोंबत होतं, मी वर्षभर त्याला दोरी बांधून ठेवली होती. त्याने खिशातून पेचकस काढला आणि दहा मिनिटांत बिजागरी बसवली. हात अजून सगळं जाणतात त्याचे. मग हे काम कुणी बिघडवलं म्हणून मलाच रागावला. दीड तास बसला. मी मशीन चालवत राहिले. हॉटेलवाली, एकोणीस वर्षांत माझ्या घरात एवढा बरा दीड तास गेला नव्हता.

त्या पाकिटावर त्याने तारीख लिहिली होती, आणि साल पंधरा वर्षं मागचं. तिन्ही पाकिटं मी वकीलबाईला नेऊन दाखवली. होय, नेली. तिचे डोळे चमकले. म्हणजे काकू, एकीकडे ऐपत नाही म्हणून अर्ज करायचा आणि दुसरीकडे जास्तीचे रोख आणून द्यायचे, याहून मोठा पुरावा काय हवा? सालाकडे तिने पाहिलं, म्हणाली, चूक होते लिहिताना, त्याचं काही नाही. तिला दोष देऊ नकोस, मी तिला बाकी काही सांगितलंच नव्हतं. मी मूग गिळून बसले आणि कागदावर सही केली. म्हणजे बघ, तो आजारी आहे हे मला कळलं होतं, आणि त्याच आजारातून आलेली पाकिटं मी त्याच्याविरुद्ध कोर्टात ठेवायला निघाले होते. मनाला काय समजावलं ठाऊक आहे? की मला पैसे लागतात. लागतात हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण तेवढंच कारण नव्हतं.

मधल्या काळात मिशाळ भेटला. त्याचा जोडीदार, बावीस वर्षं दोघं एकाच गाडीतून लिफ्टची कामं करत फिरले. तुझ्याकडेही आला असेल जेवायला. त्याच्या मुलीच्या नव्या घराच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. मी सहज विचारल्यासारखं केलं, यांनी नोकरी का सोडली हो? आधी त्याने कानांवर हात ठेवले. मग मी टेप गुंडाळून खाली बसले आणि म्हटलं, तो माझ्याकडे येतो आणि लेक शाळेतून आली का विचारतो. तेव्हा मिशाळ रडला. एवढा आडदांड माणूस, मिशांवरून पाणी गळत होतं.

त्यांच्या कामात एक रीत आहे, तुला ठाऊक असेल. लिफ्ट दुरुस्तीला घेतली की वरच्या खोलीतलं मुख्य बटण बंद करायचं, त्याला कुलूप घालायचं आणि स्वतःच्या नावाची लाल पाटी लटकवायची. किल्ली आपल्याच खिशात. ज्याचं नाव पाटीवर, त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग साहेब का असेना. कारण खाली खड्ड्यात तोच माणूस उभा असू शकतो. एका वृद्धाश्रमात त्याने पाटी लावली, काम संपवलं आणि पाटी तशीच ठेवून किल्ली खिशात घालून घरी आला. दोन दिवस लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींना दवाखान्यात न्यायचं होतं, तर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं. कंपनीने फोन केला तेव्हा हा शपथेवर म्हणाला, मी त्या इमारतीत गेलोच नाही. मिशाळ गेला, याच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली. असं त्याआधी दोनदा झालं होतं, ते मिशाळने निस्तरलं होतं. या वेळी साहेबांनी बोलावून दार लावून सांगितलं, राजीनामा दे, नाहीतर चौकशी लावावी लागेल. सगळ्यांनी मिळून झाकलं. प्रेमानेच झाकलं. आणि निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हणजे 'आपणहून' घरी बसला म्हणतात ते असं. आणि अर्जात हे एका शब्दाने नाही, कारण अर्ज तू लिहिलास आणि तुलाच कुणी सांगितलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी इतकी पानं भरली, तिथे येते.

दोन महिन्यांपूर्वी लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, तुला सांगू नये, पण तिकडे काहीतरी बिनसलंय. बाबांचं बाहेर काहीतरी चाललंय असं तिला वाटतं. दर एक तारखेला बँकेतून पैसे काढतात, दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि चार-चार तास गायब. विचारलं तर म्हणतात, लिफ्ट बिघडली होती, बोलावलं होतं. आणि ती माझ्याजवळ फोनवर हमसाहमशी रडत होती, म्हणत होती, मला सांगतात, लिफ्ट बिघडली होती! मला!

मी फोन ठेवला आणि हसले. तुला आठवतं ना, त्या वर्षी तुमच्या हॉटेलची लिफ्ट किती वेळा बिघडली? आठवड्यातून दोनदा. रविवारीसुद्धा. मी मूर्खासारखी त्याला डबा बांधून द्यायची, आणि वर म्हणायची, त्या लोकांना सांगा हो एकदाची नवीन बसवून घ्या, तुमचा किती जीव घेतात. तो शर्ट मीच इस्त्री करायची. सगळी इमारत ओळखून होती, मिशाळला ठाऊक होतं, समोरच्या दुकानदाराला ठाऊक होतं, आणि मी डबा बांधत होते. कळलं ते भाजीच्या पिशव्या हातात असताना, तिसऱ्याच बाईच्या तोंडून. त्याने स्वतः मला कधी सांगितलं नाही. एक दिवस त्याचा भाऊ आला, कपड्यांची बॅग घेऊन गेला. संपलं. त्यामुळे लेकीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, अखेर! आता तिला कळेल. आता ती त्याच्या खिशांत चिठ्ठ्या शोधेल, शर्टाचा वास घेईल, जेवताना त्याच्याकडे बघेल आणि घास गिळणार नाही. एका वाक्याने मी तुझा संशय मिटवू शकले असते. लेकीला एवढंच म्हणायचं होतं, अगं, तो माझ्याकडे येतो, त्याला आठवत नाही. मी म्हटलं, मला काय माहीत बाई. आणि त्यानंतर दोन महिने मी रोज उठून मनात म्हणत होते, जळू दे.

चार दिवसांपूर्वी एक तारीख होती. तो आला, खुर्चीत बसला. चहाला नको म्हणाला. वही काढली नाही. पाकीट दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि मग म्हणाला, जरा मशीन बंद कर, मला तुला काहीतरी सांगायचंय. मी बंद केलं. तो म्हणाला, "माझं दुसऱ्या कुणावर मन बसलंय. तुझा त्यात काही दोष नाही. तू डबा देतेस तेव्हा मला मान वर करवत नाही. मी जाणार आहे, पण तुला आणि पोरीला उघड्यावर टाकणार नाही, दर एक तारखेला मी स्वतः येईन." मग म्हणाला, "तू काहीतरी बोल." त्याच्या कपाळावर घाम होता. एकोणीस वर्षांपूर्वी जे बोलायची त्याची छाती झाली नाही, ते तो त्या दिवशी बोलला. मी म्हटलं, कशी आहे ती? तो इतका मोकळा झाला गं! म्हणाला, शांत आहे, मी उशिरा आलो तरी जागी असते, तिच्यापाशी गेलं की डोक्यातला आवाज थांबतो. म्हणाला, तिला दुखवू नकोस तू, ती वाईट नाही. मी म्हटलं, बरं. मग तो रडला आणि मीही रडले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणाले, जा तुम्ही.

पाकीट मशीनवर ठेवून तो जिना उतरला, पण पुढे त्याला जाता येईना. खाली रस्त्यावर उभा राहिला तो राहिलाच. मी चप्पल अडकवली, त्याला बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसले. पत्ता अर्जावर होता. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मी त्याचा हात सोडला, आणि औषधांच्या दुकानाआड उभी राहिले. तू फाटकात होतीस. घरातल्याच कपड्यांत, केस न विंचरलेले. तुझं तोंड मी नीट पाहिलं. ते तोंड मी ओळखते, ते मी आरशात पाहिलेलं आहे, भाजीच्या पिशव्या आणून ओट्यावर ठेवल्यानंतर. एकोणीस वर्षं मला तुझं हे असं तोंड बघायचं होतं. बघितलं, आणि तिथेच औषधवाल्याच्या पायरीवर मला बसावं लागलं. दुकानातल्या माणसाने पाणी दिलं. तू त्याला काहीतरी विचारलंस, त्याने काहीतरी उत्तर दिलं, तू हात झटकून आत निघून गेलीस आणि तो बाहेर उभा राहिला. तेव्हाच पुढे यायला हवं होतं. आले नाही. बसने घरी आले, आणि चार दिवस कापडाला हात लावला नाही.

काल वकीलबाईकडे जाऊन पाकिटं परत घेतली. ती रागावली, म्हणाली, काकू, हातची केस घालवताय. अठरा तारखेला मी कोर्टात उभी राहून सांगणार आहे की माझी हरकत नाही. पण मला मोठेपणा नको आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, पूर्ण बंद करू नका. निम्मी ठेवा, निम्म्यात मी भागवेन, शून्यात मला भागवता येणार नाही. चारही पाकिटं या पत्रासोबत आहेत. पहिल्यातले पैसे मी दाताच्या डॉक्टरला दिले, ते रिकामं आहे. बाकीची तशीच आहेत. मिशाळचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, डॉक्टर विचारतील की कधीपासून, तर तो सांगेल. तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलं. तो आजारी आहे हे कळूनही गप्प बसले, त्याची मागायला हवीच. पण त्याहून जास्त त्या दोन महिन्यांची, जे मी तुला मुद्दाम दिले. माझ्या वेळी मला कुणी येऊन हे वाक्य सांगू शकलं नसतं, कारण ते खरं नव्हतं. तुझ्या बाबतीत ते खरं आहे, आणि ते सांगू शकणारी जगात मी एकटीच आहे. त्याचं बाहेर कुणी नाही. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला आत घे, आणि उद्याच डॉक्टरकडे ने.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटते आहे, तरी तुझीच,
सामनेवाली